कोटेशनमधलं 'कॉम्पिटिटिव्ह'

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, इंग्रजी कोटेशनचा मसुदा वाचला. ड्रॉइंग नंबर, धातूचा ग्रेड, साच्यासाठीच्या पॅटर्नचा खर्च, सगळं चोख. खटकलं ते एकच वाक्य : 'अवर कंपनी इज व्हेरी कॉम्पिटिटिव्ह.' कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून जाणाऱ्या कितीतरी पत्रांत हे असतंच, आणि ते वाचून तिकडच्या खरेदी खात्याला काहीही कळत नाही.

हा शब्द कशाला लावलाय त्यावर त्याचा अर्थ ठरतो. माणूस कॉम्पिटिटिव्ह म्हणजे ईर्षेला पेटणारा. परीक्षा कॉम्पिटिटिव्ह म्हणजे जागा थोड्या, उमेदवार फार. लढत कॉम्पिटिटिव्ह म्हणजे तुल्यबळ. खासबागेच्या कुस्ती मैदानात काटाजोड लागते ना, तशी. हात मिळवताच चितपट झालेल्या कुस्तीला हा शब्द लागत नाही. आणि दर कॉम्पिटिटिव्ह म्हणजे इतरांच्या दरापुढे टिकणारा. सर्वांत स्वस्त नव्हे! हे पक्कं ध्यानात ठेव, कारण तुमची फौंड्री किलोमागे सर्वांत कमी दर देणारी नाही आणि तुम्ही तसं भासवूही नये. तुमचं बळ कमी रिजेक्शनमध्ये, म्हणजे नापास माल कमी निघण्यात, आणि तारखेला निघणाऱ्या मालात आहे. म्हणून लिही, 'वुई डू नॉट कंपीट ऑन प्राइस अलोन', आणि लगेच खाली गेल्या वर्षीचं रिजेक्शन किती टक्के, किती ऑर्डरी वेळेत गेल्या, ते मांड. आकडे बोलके असले की तो शब्द गाळलास तरी चालेल.

प्रतिस्पर्ध्याच्या नावाआधी 'कंपीट टू' मात्र कधीही लिहू नकोस. शाहू स्टेडियमवरचा पेठांचा फुटबॉल डोळ्यांपुढे आण : संघ लीगमध्ये खेळतात तिथे 'इन', एकमेकांविरुद्ध 'अगेन्स्ट' किंवा 'विथ', चषकासाठी 'फॉर'. दर, दर्जा अशा ज्या बाबतीत चुरस आहे तिथे 'ऑन'.

'अ कॉम्पिटिशन' म्हणजे एखादी स्पर्धा. पण 'द कॉम्पिटिशन' म्हणजे बऱ्याचदा आपले सगळे प्रतिस्पर्धी. ग्राहकानं 'द कॉम्पिटिशन इज ऑफरिंग लेस' असं लिहिलं, तर दुसऱ्यांचा दर कमी आलाय, एवढंच त्याचं म्हणणं. घाबरून त्याच दिवशी दर उतरवू नकोस. आधी विचार, त्या दरात मशिनिंग धरलंय का, वाहतूक कुणाकडे. पुष्कळदा फरक तिथंच सापडतो.

फोनवर बोलताना जोर कुठे द्यायचा तेही बघ. 'कंपीट'मध्ये 'पी'वर, 'कंपेटिटर' आणि 'कंपेटिटिव्ह'मध्ये 'पे'वर, 'कॉम्पटिशन'मध्ये 'टि'वर. आपण सगळीकडे 'कॉम्'वर जोर देतो, आणि पलीकडच्याला 'कॉम्पिटंट' ऐकू येऊ शकतं. त्याचा अर्थ सक्षम. तो शब्दच वेगळा.

मसुदा पुन्हा पाठव. रिजेक्शनचे आकडे क्वालिटीच्या रजिस्टरमधून महिन्यावार उतरवून घे, तोंडी अंदाजावर लिहू नकोस.

तुझे,
काका