अपोलोसारख्या अवाढव्य प्रकल्पात चार लाख लोकांचं काम एकमेकांशी जुळवतात तरी कसं?

तुम्ही विचारलंय की एवढी माणसं आणि एवढ्या कंपन्या एकाच यानासाठी राबत असताना मेळ घालायचा कुणी, आणि त्यासाठी काही खास तक्ते असतात का. असतात ना, भिंतभर असतात. मी अठरा वर्षं कारखाना उभारणीच्या प्रकल्पांत प्लॅनिंगचं काम करतोय, माझं पोट तक्त्यांवरच आहे. तरी सांगतो, प्रकल्प तरतो किंवा बुडतो तो वेगळ्याच टेबलावर, जिथे बदल मंजूर होतात तिथे.

अपोलोचंच, म्हणजे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या नासाच्या मोहिमेचंच बघा. २७ जानेवारी १९६७ ला लाँचपॅडवर सराव चाचणी चालू असताना यानात आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट, चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. आगीने आतला दाब वाढला आणि ते उघडणं अशक्य झालं. मग झटकन बाहेर उघडणारं दार करायचं ठरलं. याला नाही कोण म्हणेल? पण आगीनंतर असे एकेक बदल होत यानाचं वजन वाढत गेलं, आणि ते सगळं वजन शेवटी पॅराशूटला टांगून समुद्रात उतरवायचं. त्यामुळे सुरुवातीचा वेग कमी करणारी छोटी पॅराशूटं मोठी करावी लागली. दुखणं दाराचं आणि औषध पॅराशूटवाल्यांना!

त्या एप्रिलमध्ये यानाची जबाबदारी जॉर्ज लो यांच्याकडे आली. त्यांनी फक्त बदलांसाठी एक मंडळ नेमलं. बैठक दर शुक्रवारी दुपारी. उड्डाण नियंत्रणाचे क्राफ्ट, अंतराळवीरांचे प्रमुख स्लेटन, डिझाइनचे फॅजे, शिवाय यान बांधणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक, सगळे एकाच खोलीत. जून १९६७ ते जुलै १९६९ मध्ये ९० बैठका झाल्या, १,६९७ बदल समोर आले, त्यांतले १,३४१ मंजूर झाले आणि ३५६ फेटाळले गेले. मला यात सगळ्यांत आवडतं ते हे की लो शक्यतो तिथल्या तिथे निर्णय द्यायचे, आणि ज्याला तो सगळ्यांत नकोसा असेल त्याच्यासमोर कारणासकट द्यायचे. मागाहून मेमो पाठवणं सोपं असतं.

आमचं उदाहरण अगदीच किरकोळ आहे. एका पुरवठादाराने पंपाचा फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टने जोडायची कडा, आठ भोकांऐवजी बारा भोकांचा केला. चांगल्यासाठीच केला, मेलही टाकला, पण खरेदी विभागाला. पाइपवाल्याला कोण सांगणार? साइटवर क्रेनने पाइप अधांतरी धरलेला, क्रेनचं भाडं तासावर, आणि फिटर हातात बोल्ट घेऊन भोकं मोजतोय. म्हणाला, "साहेब, ही पत्रिका जुळत नाही." नवा स्पूल, म्हणजे पाइपचा तयार करून आणलेला तुकडा, येईपर्यंत अकरा दिवस गेले. तेव्हापासून पंपाच्या ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की आमच्याकडे पाइपवाल्याची सही लागते. लोक वैतागतात, माझ्या नावाने बोटं मोडतात.

तुम्ही एखाद्या मोठ्या प्रकल्पात नव्याने जाणार असाल तर तक्ता नंतर बघा. आधी बदलांच्या शेवटच्या दोन-तीन बैठकांची इतिवृत्तं मागा आणि त्यांत फेटाळलेले बदल किती ते मोजा. एकही नसेल, तर तिथे नुसत्या सह्या होतायत.