एकाच ओढ्याच्या दोन समांतर रेषा: माझा संशय डेटमवर

डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या चौकटीदार संगणकी नकाशावरून) काढलेला, कऱ्हा नदीच्या खोऱ्यातल्या ओढ्यांचा तुमचा नकाशा बघितला. एकेका ओढ्याला दोन-दोन समांतर रेषा बघून जुनं दुखणं वर आलं. फिल (खड्डे भरणं), फ्लो डायरेक्शन (पाणी कुठं वाहतं), अॅक्युम्युलेशन (कुठं किती सेलचं, म्हणजे चौकोनांचं, पाणी जमतं) नीट केलंय असं धरतो. थ्रेशोल्ड (किती सेलचं पाणी जमलं की ओढा धरायचा ती मर्यादा) बदलत बसू नका, त्यानं हे जाणार नाही. तुम्ही लिहिलंय की एका सरकारी कार्यालयातून मिळालेले नाले डीईएममध्ये बर्न केले, म्हणजे त्या रेषांवरची उंची कोरून खाली नेली. घोडं तिथंच पेंड खातंय.

मलाही अशीच शेपफाईल (नकाशातल्या रेषांची फाईल) मिळाली होती, पीआरजे फाईलशिवाय (निर्देशांक कोणत्या पद्धतीचे ते तीच सांगते). डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो) कोणता विचारलं तर उत्तर आलं, "उघडतेय ना? मग झालं!" लेखी अर्ज दिला तर तो दुसऱ्या टेबलावर. तिथं कळलं, डिजिटाइझ करणारा मुलगा कंत्राटी होता, सोडून गेला. मूळ टोपोशीटचा (कागदी सर्वेक्षण नकाशाचा) नंबरसुद्धा कुणाला सांगता येईना. सही-शिक्का मात्र प्रत्येक पानावर! सगळं खोरं मला नव्यानं करावं लागलं.

जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट स्फेरॉइडवर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती रूप), तुमचा डीईएम डब्ल्यूजीएस 84 वर (जीपीएसचा डेटम). तशीच लेयर चढवली की नाला दरीतून उठून शेजारच्या उतारावर बसतो. बर्न केलं की तिथं चर पडतो, मग थोडं पाणी चरातून आणि थोडं खऱ्या दरीतून.

पुरंदरच्या डोंगराकडची, खोल दरीतली चार-पाच ठळक वळणं घ्या. सगळीकडे नाल्याच्या रेषेची खऱ्या दरीपासूनची सरक एकाच दिशेला, तेवढीच असेल तर डेटमच. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयरला आधी कल्याणपूर 1975 हा भारताचा जुना डेटम (यादीतला क्रमांक ईपीएसजी 4146) नेमून द्या, मगच 32643 (डब्ल्यूजीएस 84, यूटीएम झोन 43 उत्तर) मध्ये रिप्रोजेक्ट करा. यादीत 'इंडियन 1975' (4240) दिसेल. ते थायलंडचं आहे, नावाला भुलू नका. नंतर तीच वळणं पुन्हा तपासा. मी काही जिओडेसीवाला नाही, अनुभवावरून सांगतोय. सरक जागोजागी वेगळी असेल तर जिओरेफरन्सिंगच (कागदी नकाशा खऱ्या जागेवर बसवणं) गंडलंय, ती लेयर सरळ फेकून द्या. माझ्या मते डोंगराळ भागात बर्न करायची गरजच नसते.

जाता जाता: नाझरे जलाशयात कंगव्यासारख्या सरळ रेषा येतील. तो सपाट पाण्याचा परिणाम आहे, जलाशय मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा. रेल्वेच्या भरावामागे फिल केल्यानं खोटं तळं होतं, तिथं ब्रीच (भराव कापून पाण्याला वाट देणं) वापरा. आणि 30 मीटरच्या डीईएमवर 1000 सेलचा थ्रेशोल्ड म्हणजे 0.9 चौरस किमी, लहान ओहोळ त्यात सापडणार नाहीत.