झाकणावरचं इंजिन आणि आतलं मशीन

जुन्या खिशातल्या घड्याळांबद्दल ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार.

प्रश्न : पणजोबा रेल्वेत होते. त्यांच्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर आगगाडीचं इंजिन कोरलंय, डायलवर 'रेग्युलेटर' लिहिलंय. हे रेल्वेचं अचूक घड्याळ का? किंमत चांगली येईल? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : इंजिनावर भुलू नका. रोस्कोफ पद्धतीच्या स्वस्त स्विस घड्याळांवर हे चित्र सर्रास असे. त्यांच्या पॅलेटला (चाकाचे दाते एकेक करून अडवणारा-सोडणारा भाग) माणकांऐवजी पोलादी पिना असतात. कामगाराच्या खिशाला परवडावं म्हणूनच ती पद्धत निघाली.

झाकण उघडून मशीन बघा. १८९१ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली आणि पुढे निकष कडक होत गेले : किमान १७ ज्वेल (घर्षण कमी करणारी माणकं), आठवड्याला ३० सेकंदांच्या आतला फरक, पाच स्थितींत जुळवणी. ही स्थितींची भानगड नीट समजून घ्या. घड्याळ खिशात उभं असतं, रात्री टेबलावर आडवं. आडवं असताना बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागे-पुढे हलून वेळ राखणाऱ्या चाकाचा, आस टोकावर फिरतो, उभं केलं की कडेने घासतो. घर्षण बदललं की वेळ सरकते. कुठल्याही बाजूला ठेवलं तरी चाल सारखी राहावी, यासाठी कारागीर चाकाचा तोल पुन्हा पुन्हा साधत बसे. पैसे त्या मेहनतीचे. म्हणून प्लेटवर 'ॲडजस्टेड' आणि त्यापुढे 'फाइव्ह पोझिशन्स' अशी अक्षरं शोधा. आणखी एक खूण : अशा बहुतेक घड्याळांत चावी वर ओढून काटे फिरत नाहीत. पुढची काच काढून कडेची बारीक पट्टी ओढावी लागते, म्हणजे चावी देताना वेळ चुकून हलायला नको.

हे निकष अमेरिकेचे. आपल्याकडे पाठीवर जी.आय.पी.ची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) अक्षरं आणि नंबर कोरलेली घड्याळंही मिळतात, पण तो मालकीचा शिक्का, अचूकतेचा दाखला नव्हे. (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबईची वेळ तिच्या अर्धा तास मागे. पणजोबांनी घरच्यांना किती वेळा समजावलं असेल!) तुमच्या घड्याळाची मोठी किंमत येणार नाही. ठेवा घरात.

प्रश्न : चोर बाजारातून घेतलेलं वॉल्थम कंपनीचं अमेरिकन घड्याळ महिनाभर छान चाललं. आता अचानक तासाला दहा मिनिटं पुढे जातंय. घड्याळजी म्हणतात, जास्त चावी दिलीत. (वाशी)

उत्तर : घड्याळजी बदला. चावी शेवटपर्यंत दिल्याने घड्याळ बिघडत नाही, पुढे तर मुळीच जात नाही. पूर्ण चावी देऊनही बंद पडतं ते आत तेल सुकून चिकट झाल्यामुळे. तुमच्याकडे बहुधा केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटलीत. स्प्रिंगची लांबी त्यामुळे कमी झाल्यासारखी होते आणि चाक भराभर हलू लागतं. चिकटण्याचं कारण चुंबकत्व किंवा सांडलेलं तेल. रात्री घड्याळ मोबाइलच्या नाहीतर स्पीकरच्या शेजारी ठेवता का? छोटं होकायंत्र घड्याळाजवळ धरा. चाकाबरोबर सुई थरथरली तर चुंबकत्व. ते काढून टाकणारं उपकरण साधं आणि स्वस्त असतं. तोवर आतला 'एफ' (फास्ट) आणि 'एस' (स्लो) यांमधला काटा सरकवू नका. रोग तिथे नाही.

प्रश्न : ऑनलाइन एक 'सोन्याचं' घड्याळ पाहिलंय. आत 'गॅरंटीड ट्वेंटी इयर्स' असा शिक्का आहे. घ्यावं का? (ऐरोली)

उत्तर : सोन्याच्या भावाने अजिबात नाही. वीस वर्षं हमी होती ती वरच्या सोन्याच्या पत्र्याची, आत पितळ. विक्रेत्याकडून मशीनचा फोटो मागवा आणि त्यावरचा नंबर वाचा, केसवरचा (बाहेरच्या कवचावरचा) नाही. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टनच्या मशीन-नंबरांवरून साल काढता येतं. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला.

प्रश्न : पावसाळ्यात घड्याळं कशी सांभाळावीत? (खारघर)

उत्तर : प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट हवा अडकते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि दर पंधरा दिवसांनी त्या बदला. चांदीची केस चकचकीत करायला जाऊ नका. मी एकदा हौसेने घासून हॉलमार्कच अर्धा पुसून बसलो होतो. आणि तेल बदललेलं नसेल, तर दमट दिवसांत रोज चावी देण्यापेक्षा घड्याळ बंदच राहू द्या.