चीनची पहिली फेरी: एफडी मोडू नका, तारीख बदला

प्रश्न: कराडमध्ये माझे कटलरी आणि गिफ्ट आर्टिकलचे दुकान आहे. माल पुण्याच्या बोहरी आळीतून आणि मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून येतो. तोच माल चीनमधून थेट आणला तर चांगला नफा राहील, असे एका टूर एजंटने सांगितले. ग्वांगझूच्या कँटन फेअरची (तिथला मोठा व्यापारी मेळा) त्याची सहल १५ ते २० ऑक्टोबर अशी आहे. माणशी १ लाख ६५ हजार रुपये, व्हिसा वेगळा. मी आणि मिस्टर दोघे जाणार, आधी कधी परदेशी गेलेलो नाही. तिथेच ५ लाखांच्या मालाची ऑर्डर देऊन यायचा विचार आहे. एफडीत ६ लाख आहेत, त्यातले २ लाख पतसंस्थेत. घरखर्च महिना ३५ हजार. मुलगा बारावीला आहे, पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगची पहिली फी अंदाजे दीड लाख. मार्चमध्ये २५ जणांच्या भिशीत माझी पाळी आहे, अडीच लाख मिळतील. मिस्टर म्हणतात, एफडी मोडू आणि कमी पडले तर सोने तारण ठेवून ३ लाख उचलू. दुकान जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची छोट्या व्यापाऱ्यांची योजना) आहे. काय करावे?

उत्तर:

ताई, तुम्ही चीनला जावे असेच मला वाटते. इतकी वर्षे दुसऱ्या-तिसऱ्या हातातून माल घेणाऱ्या माणसाने मूळ बाजार एकदा डोळ्यांनी बघायलाच हवा. पण ही सहल, या तारखांना आणि या पैशांतून नको. पहिल्या फेरीत मालाची ऑर्डरही नको.

आधी तारखांचे बघू, कारण सगळा हिशेब तिथेच बिघडतो आहे. कँटन फेअर १९५७ पासून भरते, वर्षातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी तीन टप्प्यांत. शरदातला पहिला टप्पा १५ ते १९ ऑक्टोबर. त्यात इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रे, हार्डवेअर असा माल असतो. गिफ्ट आणि सजावटीच्या वस्तू २३ ऑक्टोबरपासूनच्या दुसऱ्या टप्प्यात, तर फॅशन, खेळणी आणि स्टेशनरी त्यानंतरच्या तिसऱ्या टप्प्यात. म्हणजे तुम्ही ३ लाख ३० हजार खर्चून जाल आणि तुमच्या दुकानात विकला जाईल असा माल तिथे मांडलेलाच नसेल. एजंटला हे माहीत असायला हवे होते. त्याच्या कोटेशनमध्ये मेळ्याच्या प्रवेश शुल्काची ओळ असेल तर तीही काढायला सांगा. ऑनलाइन आगाऊ नोंदणी करणाऱ्या परदेशी खरेदीदाराला मेळ्याचे निमंत्रणपत्र आणि बॅज मोफत मिळतो.

दुसरे म्हणजे, कटलरीच्या दुकानाला ऑक्टोबरचा मध्य म्हणजे दसरा-दिवाळीचे दिवस. तेव्हा दोघांनी मिळून आठवडाभर दुकान सोडायचे, तर बुडालेला गल्ला सहलीच्या खर्चात धरावा लागेल. तो आकडा तुम्हालाच माहीत आहे. मांडून बघा.

तुमच्या मालाचा बाजार यीवूला आहे. शांघायच्या दक्षिणेला, चच्यांग प्रांतातले हे शहर. तिथल्या घाऊक बाजारात गाळे ७० हजारांच्या वर आहेत. केसांच्या क्लिपा, खोटे दागिने, कृत्रिम फुले, खेळणी, सगळे पहिल्याच विभागात सापडते. चिनी नववर्षाचे दिवस सोडले तर बाजार जवळजवळ वर्षभर चालू असतो, त्यामुळे मेळ्याच्या तारखांवर अवलंबून राहावे लागत नाही. कँटन फेअरमध्ये बहुतेक कारखानदार आणि मोठे निर्यातदार असतात, एका डिझाइनचे हजारो नग मागतात. यीवूत पेटी-दोन पेट्यांवरही बोलणे होते. तुमच्या आकाराच्या दुकानाला हेच परवडेल. आषाढात लग्ने नसतात, श्रावणातली मंगळागौर आणि राखीची गर्दी सुरू व्हायची असते. तेव्हा जा. उकाडा आणि पाऊस असेल, पण बाजार छपराखाली आहे.

आता पैसे. दोघांचा खर्च मी असा धरतो, एक युआन १३ रुपये या हिशेबाने. मुंबईहून एक थांबा घेऊन शांघायला जाऊन-येऊन दोघांचे ९० हजार. व्हिसा, प्रवास विमा आणि फोनचे रोमिंग मिळून २४ हजार. पुढचे युआनमध्ये: सहा रात्रींचे साधे हॉटेल १,८००, रेल्वे-मेट्रो-टॅक्सी १,२००, जेवण १,७००, चार दिवस दुभाषा २,०००, नमुन्यांची खरेदी १,५००. हे ८,२०० युआन, म्हणजे १ लाख ६ हजारांच्या आसपास. एकूण २ लाख २० हजार. वर ३० हजार अडीनडीला. अडीच लाख झाले, आणि तुमची भिशी तेवढ्याचीच आहे. मार्चमध्ये पाळी लागली की जूनपर्यंत ती रक्कम लिक्विड फंडात (पैसे पटकन काढता येणारा म्युच्युअल फंड) किंवा छोट्या मुदतीच्या ठेवीत ठेवा आणि फक्त या फेरीसाठी वापरा. पुढचे हप्ते मात्र चालू राहतात, ते महिन्याच्या हिशेबात धरलेले असू द्या.

एफडीला हात लावू नका. ६ लाखांतले २ लाख १० हजार म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, तो हलवायचा नाही. दीड लाख मुलाची फी. उरतात २ लाख ४० हजार. धंदा वाढवायला तुमच्याकडे आज खरोखर मोकळे आहेत ते एवढेच. (पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते. ती ठेव मुदत संपली की बँकेत आणा. फीचे आणि अडीअडचणीचे पैसे तरी तिथे नकोत.)

सोन्यावरच्या कर्जाबद्दल मिस्टरांना माझे एवढेच सांगा. व्याज १० टक्के धरले तरी ३ लाखांवर वर्षाला ३० हजार. चीनमधला विक्रेता साधारण ३० टक्के रक्कम ऑर्डरबरोबर मागतो आणि उरलेली माल बंदरातून निघायच्या सुमारास. मग समुद्रप्रवास, न्हावा शेवाला कस्टम, कराडपर्यंतचा ट्रक आणि त्यानंतर विक्री. चार-सहा महिने पैसा अडकून राहतो आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होते. माल चालतो की नाही हे ठाऊक नसताना घरातले सोने त्यात घालणे मला मान्य नाही.

५ लाखांच्या मालाचे गणित एजंटने तुम्हाला अर्धेच सांगितले आहे. भाडे आणि विमा धरून माल ५ लाखांना पडला, त्यावर मूळ सीमाशुल्क २० टक्के आहे असे समजा. १ लाख शुल्क. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १० हजार. या ६ लाख १० हजारांवर १८ टक्के आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी), १ लाख ९ हजार ८००. झाले ७ लाख १९ हजार ८००, आणि अजून बंदराचे खर्च, कस्टम एजंट, वाहतूक बाकीच. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा असतो, पण मांडणी हीच. नेहमीच्या जीएसटीत असलेल्या व्यापाऱ्याला आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो विक्रीवरच्या करातून वजा होतो. कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. तुमच्यासाठी ते १ लाख १० हजार सरळ मालाच्या किमतीत चढतात, आणि बोहरी आळीचा भाव अचानक स्वस्त वाटू लागतो. आयात करायचीच असेल तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला कंपोझिशनमधून बाहेर पडावे का, हे तुमच्या कर सल्लागाराकडून आकड्यांत तपासून घ्या. आयात-निर्यात कोड काढायला मात्र ५०० रुपयेच लागतात, तो आधी काढून ठेवायला हरकत नाही.

तुमच्यासारख्या दुकानातला काही माल असा आहे की तो वाटेल तसा आणता येत नाही. खेळण्यांना २०२१ पासून बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणपत्र सक्तीचे आहे, आणि ते बनवणाऱ्या कारखान्याकडे असावे लागते. नेलपॉलिश, लिपस्टिक, क्रीम यांच्या आयातीला औषध नियंत्रकांकडे नोंदणी लागते. हे दोन्ही पहिल्या यादीतून काढाच. क्लिपा, रबर, फोटो फ्रेम, शोभेच्या वस्तू अशांपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक वस्तूचा एचएस कोड (कस्टमच्या वर्गवारीचा क्रमांक) काढून कस्टम एजंटला आधी विचारा. पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी छापावी लागते, तोही खर्च आहे.

यीवूत तुम्हाला ‘किलोच्या भावाने घरपोच, कस्टमची काळजी नको’ म्हणणारे भेटतील. अशा मालाचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टममधला आयातीचा कागद, तुमच्या नावावर नसते. कर क्रेडिट नाही, माल पकडला तर हातात कागद नाही, आणि दुकानात तपासणी आली तर उत्तर नाही. त्या वाटेला अजिबात जाऊ नका.

म्हणून पहिली फेरी बघण्याची. चार दिवसांत वीस-पंचवीस गाळे, प्रत्येकाचे कार्ड, वस्तूचा फोटो, नगाचा भाव, पेटीत किती नग, पेटीचे माप आणि वजन, हे वहीत. माप विसरू नका, जहाजाचे भाडे घनमीटरवर लागते आणि हलक्या पण फुगीर वस्तूंचा नफा तिथेच जातो. नमुने घेऊन या, दुकानात लावा, गिऱ्हाईक काय उचलते ते बघा. दिवाळीनंतर त्या २ लाख ४० हजारांत, सगळे कर धरून बसेल एवढीच पहिली ऑर्डर द्या. पैसे फक्त बँकेतून आणि फक्त बिलावरच्या कंपनीच्या खात्यात. कुणी ऐनवेळी वेगळे किंवा व्यक्तीच्या नावाचे खाते कळवले तर थांबा आणि व्हिडिओ कॉलवर खात्री करा.

प्रवासाच्या तयारीत सर्वात जास्त वेळ फोनला द्या. तिथे टपरीपासून हॉटेलपर्यंत सगळे अलीपे किंवा वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या ॲपवर चालते आणि आपले यूपीआय तिथे उपयोगाचे नाही. दोन्ही ॲप घरीच उतरवून पासपोर्टने ओळख पटवा आणि त्यांना ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ छापलेले बँकेचे कार्ड जोडा. कार्डे दोन वेगवेगळ्या बँकांची असू द्या, दोन फोनवर. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. परदेशी कार्डाने २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला ॲपचे शुल्क नाही, त्याहून मोठ्या पेमेंटला ३ टक्के लागते. शिवाय बँकेचा मार्कअप (परकीय चलनावरचे जादा शुल्क) असतो, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि वर जीएसटी. त्यामुळे निघण्यापूर्वी कमी मार्कअपचे एक कार्ड काढणे फायद्याचे. हॉटेल इथूनच बुक करा, पण परदेशी पाहुणे घेतात याची लेखी खात्री करून. दीड-दोन हजार युआन रोख जवळ असू द्या. तिथली सर्वात मोठी नोट १०० ची आहे, गठ्ठा जाड होतो.

गूगल, व्हॉट्सॲप, जीमेल तिथल्या इंटरनेटवर बंद असतात. भारतीय सिमचे रोमिंग घेतले तर चालतात, म्हणून हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका. बँकेचे ओटीपीही त्याच सिमवर येणार, रोमिंग वाचवण्याच्या नादात पेमेंट अडकवून घेऊ नका. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन साठवून ठेवा. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत छापून दोघांच्या खिशात हवा. बाजारात भाव कॅल्क्युलेटरवर होतात, तिथे भाषेची अडचण फारशी येत नाही. दुभाषा लागतो तो पेटी, मुदत आणि खराब नग बदलून मिळण्याच्या बोलणीला.

शाकाहारी असाल तर यीवूत भारतीय हॉटेले आहेत. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी खानावळींत कांदा-लसूणही नसतो. तरी दोन दिवसांचे थेपले-चिवडा बॅगेत असू द्या. पॉवर बँकेवर चीनचा ‘थ्री-सी’ हा सुरक्षा प्रमाणपत्राचा शिक्का नसेल तर तिथल्या देशांतर्गत विमानात २०२५ पासून नेऊ देत नाहीत. म्हणून आणि एरवीही, शांघायहून यीवूला रेल्वेनेच जा. होंगछ्याव स्टेशनवरून वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो. तिकीट पासपोर्टवर निघते, पासपोर्ट हातातच ठेवा.

व्हिसा व्यापाराचा, म्हणजे एम प्रकारचा काढा. त्यासाठी तिथल्या कंपनीचे निमंत्रणपत्र लागते. तुमचा बोहरी आळीतला होलसेलर स्वतः यीवूला जात असेल तर त्याच्या तिथल्या एजंटकडून ते मिळू शकेल. आपल्याच होलसेलरला हे विचारायचे का, असा संकोच वाटेल. विचारा. कदाचित तो तुम्हाला बरोबर नेईल, आणि पुढे त्याच्याच कंटेनरमध्ये, पण तुमच्या नावाच्या स्वतंत्र कागदांवर, तुमच्या चार पेट्या येतील. तसे जमले तर दुभाष्याचा खर्चही वाटून जाईल. विमानाचे परत न मिळणारे तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

त्या एजंटला अजून काही दिले नसेल तर आजच नाही म्हणून कळवा. आगाऊ रक्कम दिली असेल तर रद्द करण्याच्या अटी लेखी मागवा, आणि टीसीएस (परदेशी सहलीच्या पैशांवर एजंट आगाऊ घेतो तो आयकर) कापला असेल तर त्याची पावती जपून ठेवा. ती रक्कम आयकर विवरणपत्रात तुमच्या करात वळती होते किंवा परत मिळते.