ही कसली वेल, आणि हिला फळ येतं का?

सादर नमस्कार.

तासगावहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी सांगलीत बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला ‘क्वांटम वेलमधल्या स्पिन’वर संशोधन करायचंय आणि पाहुणे म्हणतात बी.एड. करून टाका. तुम्ही द्राक्षबागायतदार, म्हणून विचारलंत, ही कसली वेल, आणि हिला फळ येतं का?

ही वेल नव्हे, विहीर; इंग्रजीत ‘वेल’ म्हणजे विहीर. आणि स्पिन म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनमधला इवलासा चुंबक म्हणा. गॅलियम आर्सेनाइडचा जेमतेम १० नॅनोमीटरचा थर दुसऱ्या अर्धवाहकाच्या दोन थरांत कोंडला, की विद्युतभार विहिरीत पडल्यासारखे त्यात अडकतात. यात चुंबकत्वही आणता येतं: मँगनीज मिसळलेलं गॅलियम आर्सेनाइड थंड केल्यावर चुंबक होतं, हे जपानच्या हिदेओ ओनो यांच्या गटाने १९९६ साली दाखवलं. आता मांडव डोळ्यांपुढे आणा. खालच्या स्फटिकामुळे असा थर दाबला गेला, तर त्यातले स्पिन सहसा मांडवावरच्या फांद्यांसारखे आडवे राहतात. ताणला गेला, तर खोडासारखे उभे. चुंबकाच्या या दिशेच्या आवडीलाच अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणतात. मुलगी यात का रमली, ते मला कळतं.

फळाचं खरं सांगतो. या पदार्थाचं चुंबकत्व साधारण २०० केल्विनच्या, म्हणजे उणे ७३ अंशांच्या वर टिकत नाही. त्यामुळे याच पदार्थावर नोकरी मिळेल, असं धरून चालू नका. पण स्पिन उभे धरून ठेवण्याची हीच युक्ती धातूंच्या थरांत वापरून एमरॅम नावाच्या मेमरी चिप बनतात आणि विकल्याही जातात. शिवाय निर्वात यंत्रणा, अतिथंड तापमान, बारीक मोजमाप हे हातात बसलेलं काम चिप उद्योगातही लागतं.

म्हणून आधी चांगली एम.एस्सी. आयआयटीसाठी ‘जॅम’ परीक्षा आहे: तीन तास, १०० गुण, बी.एस्सी.चाच अभ्यासक्रम. तिसऱ्या वर्षात देता येते. नाहीच जमलं, तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहेच. पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.ला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे तेव्हा घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, पण अभ्यासातली ही तंद्री मधे तुटली तर परत लागणं अवघड. आत्ता तो आग्रह धरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. प्रयोगशाळेत तासन् तास उभं राहायला आवडतं की कागदावर गणित मांडायला, एवढं तिने कळवावं. संस्था कोणत्या बघायच्या, ते त्यावरून ठरवू.