वाचकांचे प्रश्न: चिमणी थंड, तरी हवा वर का जाते?

प्रश्न: सोलर ड्रायरच्या ३ मीटर उंच, दोन्ही टोकं उघडी असलेल्या चिमणीतला हवेचा प्रवाह प्रोग्रॅम लिहून सोडवतो आहे. बूसिनेस्कचं सरलीकरण वापरलं आहे. आत-बाहेर सगळीकडे २५ अंश सेल्सिअस दिलं, तरी हवा सेकंदाला २ मीटरच्या आसपास वेगाने वर जाते. आणि या सरलीकरणात घनता एरवी स्थिर धरायची, समीकरणातल्या गुरुत्वाच्या पदात मात्र तापमानानुसार बदलू द्यायची, ही पळवाट नाही का?

उत्तर: संदर्भ तापमान, म्हणजे ज्याच्या तुलनेत हवा गरम की थंड हे सूत्र ठरवतं ते, शून्यावर राहिलं असणार. हवेला वर ढकलणारं त्वरण = गुरुत्वत्वरण × प्रसरणांक × (तापमान − संदर्भ तापमान). प्रसरणांक म्हणजे तापमान एका अंशाने वाढलं की हवा किती पट फुगते तो आकडा. ९.८ × ०.००३३ × २५, म्हणजे ०.८ मी/से². घर्षण सोडलं तर ३ मीटरांत यातून २.२ मी/से वेग मिळतो. तुमचा झोत तो हाच. संदर्भ तापमान बाहेरच्या हवेचं, २५ अंश ठेवा. बंद पेटीत ही चूक कळतही नाही, कारण सगळीकडे सारखं असलेलं बल दाब परस्पर तोलून टाकतो. तुम्ही चिमणीच्या दोन्ही तोंडांवर दाब शून्य बांधून दिला असणार, तिथे ती सोय नाही. प्रसरणांकही तपासा: हवेसाठी १ भागिले केल्विनमधलं तापमान. तिथे चुकून २५ घातलं, तर वर ढकलणारं बल बारा पट.

पळवाट अजिबात नाही. १० अंशांनी हवेची घनता जेमतेम ३ टक्के बदलते. जडत्वाच्या पदात (हवेचा वेग बदलायला किती बल लागतं ते सांगणाऱ्या) तेवढी चूक चालते. गुरुत्वाच्या पदात मात्र स्थिर घनतेचं वजन दाबच पेलतो. उरतो तो हा ३ टक्क्यांचा फरक, आणि प्रवाह चालतो तो त्याच्याच जोरावर. शिवाय ध्वनिलहरी समीकरणांतून बाद होतात, त्यामुळे गणिताची पायरी ध्वनीच्या वेगाऐवजी हवेच्या वेगावर ठरते: गणितासाठी आखलेल्या ५ मिमी चौकटींच्या जाळीवर, हवा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने जात असेल, तर काळाची पायरी १५ मायक्रोसेकंदांऐवजी १० मिलिसेकंदांपर्यंत नेता येते.

मर्यादा: प्रसरणांक × तापमानातला फरक ०.१ च्या आत हवा, म्हणजे हवेसाठी साधारण ३० अंश. ड्रायरमधली हवा ६० अंशांवर गेली, तर हे सूत्र वर ढकलणारं बल १२ टक्के जास्त दाखवेल. तिथे आदर्श वायूच्या नियमाने घनता काढलेली बरी.

पाण्याला हीच कसोटी लावू नका. २० ते ६० अंशांत पाण्याची घनता दीडच टक्का घटते, पण प्रसरणांक दुपटीहून जास्त वाढतो आणि श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) निम्म्याखाली येते. ४ अंशांपाशी तर प्रसरणांक शून्य होऊन त्याखाली उणे होतो. तिथे सरळ रेषेचं सूत्र सोडून घनतेचा तक्ताच वापरा.