बर्फ फेसाचा, गोष्ट पतसंस्थेची

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत नातवंडं जालन्याला येतात. सगळ्यांनी मिळून बघावा असा जुना इंग्रजी सिनेमा सुचवा. मला इंग्रजी जेमतेमच कळतं. – एक आजी, जालना

उत्तर : आजी, १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ लावा. इंग्रजीचं मनावर घेऊ नका. नायक गावातली पतसंस्था चालवतो म्हणा ना. ठेवीदार घाबरून दाराशी गर्दी करतात, तेव्हा तो हनिमूनचे २,००० डॉलर काउंटरवर वाटत सुटतो. एक बाई संकोचून फक्त साडेसतरा मागते. तिथं माझी आई म्हणाली, “अगं, ही तर आपल्या गल्लीतली!” तिलाही इंग्रजी येत नव्हतं.

सुरुवातीला आकाशात चांदण्या बोलतात. पोरं हसतील, हसू द्या.

आणि त्यांना बर्फ नीट बघायला सांगा. चित्रीकरण ऐन उन्हाळ्यातलं. तेव्हा सिनेमात रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून पसरत, पण ते पायाखाली कुरकुर वाजत. म्हणून इथं आग विझवायचा फेस आणि साबण वापरला. परभणीला आम्ही नाताळच्या गव्हाणीवर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यावर, घरचाच कापूस पसरायचो, बर्फात सरक्या दिसायच्या!

गंमत म्हणजे तेव्हा हा सिनेमा फारसा चालला नाही. १९७४ला हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्हीवाल्यांना फुकट सापडला, आणि दर डिसेंबरला दाखवून दाखवून त्यांनीच तो घराघरात नेला.

लहानग्यांचा धीर सुटला तर ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ (१९४७). त्यात सांताक्लॉजवर चक्क कोर्टात खटला चालतो.